एकलव्याचा कुत्रा आणि कलम सव्वीस

कळंबोलीत अरण्य कुठले, असे कोणीही विचारील. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे तोंड, पोलाद बाजार, ट्रकांच्या रांगा आणि सिडकोने आखलेले सेक्टर एवढीच या गावाची बाहेरच्यांना ओळख. पण गच्चीवर जाऊन पाहिले तर एका अंगाला खारघरची डोंगररांग दिसते आणि दुसऱ्या अंगाला खाडी व तिच्या काठची खारफुटी. डोंगराचा मोठा भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. सरकारी जमिनीवरील खारफुटी वन म्हणून घोषित करावी असे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिले आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ते पक्के केले. म्हणजे लोखंड आणि काँक्रीट यांच्या या वसाहतीच्या दोन्ही अंगांना कायद्याने ज्याला वन म्हटले आहे अशी जमीन आहे. तिची हद्द नेमकी कोठे सुरू होते हे येथे राहणाऱ्या बहुतेकांना सांगता येणार नाही. मलाही परवापर्यंत सांगता येत नव्हते.

ते शोधण्याची वेळ माझ्या वर्गातल्या एका मुलामुळे आली. मुलगा ठाकूर समाजाचा, डोंगरावरच्या वाडीतून उतरून महाविद्यालयात येणारा. त्याच्याबरोबर दोघे मित्र, दोघांचेही वडील पोलाद बाजारात माथाडी. दर रविवारी सकाळी हे तिघे डोंगराच्या पायथ्याशी जात आणि भाताच्या पेंढ्याने भरलेल्या गोणपाटावर नेम धरून बाण सोडत. तिरकामठा बांबूचा, आजोबांच्या हातचा. एका रविवारी गणवेशातला एक माणूस आला, "इथे हे चालत नाही" म्हणाला, तिरकामठा व बाण घेऊन गेला. कागद नाही, पावती नाही, कलम नाही. सोमवारी तास संपल्यावर मुलगा माझ्याकडे आला. तक्रार करायला आला नव्हता. त्याला एवढेच विचारायचे होते : "सर, आमचं नक्की चुकलं काय? जागा चुकली, की तिरकामठा?"

मी हा प्रश्न प्राध्यापक-कक्षात नेला. तेथे मला दोन उत्तरे मिळाली आणि हा लेख त्या दोन्ही उत्तरांविरुद्ध आहे. पहिले उत्तर : "जंगलात धनुष्यबाण म्हणजे बेकायदा. विषय संपला." दुसरे उत्तर, आमच्या साहित्यवाल्यांचे, अर्थातच अधिक भरजरी : "एकलव्याला कोणी परवाना मागितला होता? आदिवासींच्या परंपरेला कायदा काय विचारता?" पहिले उत्तर देणाऱ्याने कायदा वाचलेला नव्हता. दुसरे उत्तर देणाऱ्याने महाभारत वाचलेले नव्हते. वाचन शिकवणे हाच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा, त्यांनी दोन्ही संहिता न वाचता निकाल द्यावेत याचे मला वाईट वाटले. आणि ते वाईट वाटणे प्रथम स्वतःविषयी होते, कारण त्या क्षणी माझ्याजवळही तिसरे उत्तर नव्हते.

तेव्हा आधी कायदा वाचू. भारतीय वन अधिनियम १९२७ चा आहे, म्हणजे इंग्रजांच्या लाकूड-महसुलाच्या चिंतेतून आलेला. त्यात राखीव वन आणि संरक्षित वन असे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांच्यातील भेद व्याकरणातल्या विधी-निषेधासारखा आहे. राखीव वनात जे दिलेले नाही ते वर्ज्य. संरक्षित वनात जे वर्ज्य केलेले नाही ते मोकळे. कलम २६ राखीव वनातील निषिद्ध कृत्ये मोजते. त्यात नुसता अनधिकृत प्रवेशही येतो. म्हणजे राखीव वनात तिरकामठा घरी ठेवून रिकाम्या हाताने गेलेला माणूससुद्धा काटेकोर अर्थाने निर्दोष नसतो. त्याच कलमात झाडाला इजा करणे येते. तेव्हा गोणपाटाऐवजी सागाचे खोड लक्ष्य म्हणून वापरले असते तर तो सरळ अपराध ठरला असता. आणि त्याच कलमात शासनाच्या नियमांचा भंग करून शिकार करणे, 'शूट' करणे, मासे मारणे, पाण्यात विष कालवणे, सापळे किंवा फास लावणे ही एक मालिका येते. संरक्षित वनासाठी कलम ३२ शासनाला याच गोष्टींविषयी नियम करण्याचा अधिकार देते आणि कलम ३३ त्या नियमांच्या भंगाला शिक्षा सांगते.

'शूट' हे मूळ इंग्रजी क्रियापद मी मुद्दाम तसेच ठेवले आहे, कारण सगळी गोम तेथे आहे. त्याला कर्म नाही. कशावर? प्राण्यावर की गोणपाटावर? मराठीत हे क्रियापद आणताना आपल्याला थांबावेच लागते : बंदूक झाडणे, बाण सोडणे, बाण मारणे, टिपणे. 'मारणे' आणि 'टिपणे' यांत जीव आहे, 'सोडणे' यात नाही. आता शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ठरवावा हा न्यायशास्त्रातला जुना नियम आहे, आणि आपल्या काव्यशास्त्रानेही साहचर्य आणि प्रकरण ही अर्थनिश्चितीची साधने फार पूर्वी सांगून ठेवली आहेत. शिकार, मासेमारी, विष, सापळा, फास या संगतीत बसलेल्या 'शूट'चा अर्थ जीव घेण्यासाठी मारणे असाच लावणे सयुक्तिक आहे. पेंढ्यावर सोडलेला बाण त्या मालिकेत बसत नाही. हा माझा अर्थ आहे. न्यायालयाचा निकाल म्हणून तो मी कोणाच्या गळी उतरवीत नाही. पण "विषय संपला" म्हणणाऱ्याने निदान एवढे मान्य करावे की विषय या क्रियापदापाशी सुरू होतो.

अभयारण्यात मात्र गोष्ट वेगळी आहे, आणि तेथे संदिग्धता शोधणे अप्रामाणिकपणाचे होईल. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २ मध्ये 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात दारूगोळा, स्फोटके, बंदुका, गळ, सुऱ्या, जाळी, विष, फास आणि सापळे यांच्या पंक्तीत धनुष्यबाण नाव घेऊन बसवलेले आहेत. कलम ३१ सांगते की मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता कामा नये. येथे हेतू विचारलेला नाही. हातातली वस्तू पुरते. आमच्याच पनवेल तालुक्यातले कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ पासूनचे आहे आणि अवघे १२.११ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या पोटातून महामार्ग गेलेला आहे. एवढ्याशा जागेत पाखरांनी जगावे अशी अपेक्षा करणाऱ्या समाजाने तेथे नेमबाजीचा हट्ट धरू नये. बाण गोणपाटासाठी आहे की धनेशासाठी, हे पहारेकऱ्याने बाण सुटल्यावर ठरवायचे काय?

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर असे : तिरकामठा सर्वत्र चुकीचा नाही, जागेवर सारे ठरते. बंदुकीला लागतो तसा परवाना धनुष्याला लागत नाही. पोलिसांनी कलम ३७ खाली हत्यारबंदीचा आदेश काढलेला असेल तर तो काळ वेगळा. हे आदेश आपल्याकडे पंधरा-पंधरा दिवसांसाठी वारंवार निघतात आणि दंडुक्यापासून सुरीपर्यंत सारे त्यात येते. पण नेहमीचा नियम हाच की जमीन कोणत्या प्रकारची, यावर उत्तर अवलंबून आहे. आणि नेमकी तीच गोष्ट जमिनीवर उभे राहून कळत नाही. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सांगितले की 'वन' हा शब्द कोशातल्या अर्थाने घ्यावा, मग जमिनीची मालकी कोणाची का असेना. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य थांबून वाचावे. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने वनाची हद्द शब्दकोशाकडे सोपवली. हेतू स्तुत्य होता, त्या आदेशाने पुष्कळ झाडे वाचली. परंतु कोश सातबारा दाखवत नाही. जेथे पाटी नाही, कुंपण नाही, खूण म्हणून एखादा बुजलेला दगड तेवढा आहे, तेथे अठरा वर्षांच्या मुलाने आपण राखीव वनात आहोत, संरक्षित वनात, की सिडकोच्या पडीक भूखंडावर, हे कसे ओळखावे? कायद्याचे अज्ञान ही सबब होत नाही हे खरे. मग हद्दीचे अज्ञान पसरवून ठेवणे ही सबब कशी होते?

आणि जप्ती? वन्यजीव कायद्याखाली अपराधाचा संशय आला तर शस्त्र ताब्यात घेता येते. वन अधिनियमाखाली वनोपजासंबंधी अपराध झाला असेल तर त्यासाठी वापरलेली हत्यारेही. पण दोन्हीकडे जप्तीनंतर कागद लागतो आणि प्रकरण दंडाधिकाऱ्यापर्यंत जावे अशी व्यवस्था आहे. गोणपाटातला पेंढा हे वनोपज नव्हे. तो मुलांनी वाडीतून वाहून आणला होता. पावतीशिवाय नेलेला तिरकामठा ही कायद्याची अंमलबजावणी नव्हे. पण हेही खरे की त्या माणसाने गुन्हा नोंदवला असता तर मुलाचे अधिक नुकसान झाले असते, आणि हे त्या माणसालाही ठाऊक असावे. कदाचित त्याने दयाच केली. मला आक्षेप आहे तो याच व्यवस्थेवर, जिच्यात नागरिकाच्या वाट्याला एक तर गुन्हा येतो किंवा दया. नियम येत नाही.

येथे भाषेचा एक खेळ पाहण्यासारखा आहे. एकाच कृतीला आपल्याकडे तीन नावे आहेत. समारंभात ती 'धनुर्विद्या' असते, संस्कृत आणि पूज्य. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर ती 'तिरंदाजी' होते, फारसीतून आलेली आणि रुबाबदार. पंचनाम्यात मात्र 'तिरकामठा' लिहिला जातो, आणि तो लिहिला की हातातली वस्तू आपोआप हत्यार होते. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने ती तिरंदाजी म्हणून साजरी केली, आणि ते योग्यच झाले. लिंबाराम १९८८ पासून सलग तीन ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. राजस्थानातल्या आदिवासी कुटुंबातला हा मुलगा लहानपणी बांबूच्या तिरकामठ्याने रानात नेम धरायला शिकला, हे त्याच्यावरच्या लेखांत कौतुकाने लिहिले जाते. ते लिहिणाऱ्यांना त्या वाक्यात कलम २६ कधी दिसत नाही. पदक मिळाल्यावर रान ही पाठशाळा ठरते. पदकाआधी ते गुन्ह्याचे स्थळ असते. नावे आपण कृती पाहून देत नाही, कर्ता पाहून देतो.

आता दुसऱ्या उत्तराकडे, आमच्या माणसांकडे. एकलव्य हे आपल्या साहित्यव्यवहारातले सर्वांत राबवून घेतलेले नाव असावे. दलित कवितेने त्याला आणि शंबूकाला जेव्हा पुढे आणले तेव्हा त्यात धग होती. कापलेला अंगठा ही उपमा नव्हती, अनुभव होता. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी तो अंगठा इतक्या चर्चासत्रांत फिरवला की तो आता शाईच्या ठशाएवढाच उरला आहे. वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आम्ही अभ्यासक्रमात शिकवतो. आदिवासींचे दुःख मंचावरून दुसरेच सांगतात आणि ज्यांचे ते दुःख आहे ते खाली बसून ऐकतात, हा तिचा विषय. ती शिकवून झाल्यावर आम्ही त्याच मंचावरून एकलव्य सांगतो. त्या दिवशी प्राध्यापक-कक्षात एकलव्याचे नाव घेणाऱ्यांपैकी एकानेही त्या मुलाचा तिरकामठा परत कसा मिळेल हे विचारले नाही. मीही नाही. घंटा झाली आणि आम्ही तासाला गेलो.

आणि एकलव्याची गोष्ट तरी आम्ही नीट सांगतो का? आदिपर्वातला तो प्रसंग पुन्हा पाहावा. निषादराज हिरण्यधनूचा हा मुलगा द्रोणाने नाकारल्यावर अरण्यात जातो, मातीचा गुरू करतो आणि एकट्याने सराव करतो. आपल्या विषयाच्या भाषेत सांगायचे तर, सार्वजनिक अरण्यात केलेला अनौपचारिक धनुर्विद्येचा सराव. अडचण केव्हा निर्माण होते? द्रोणाच्या अनुज्ञेने पांडव शिकारीला येतात, त्यांच्याबरोबर आणलेला कुत्रा रानात भरकटतो, एकलव्याला पाहून भुंकतो, आणि एकलव्य त्याच्या तोंडात सात बाण मारतो. कुत्रा त्याच अवस्थेत पांडवांकडे परततो. पांडव चकित होतात ते कौशल्याने. अर्जुन गुरूकडे तक्रार करतो ती आपले अग्रस्थान गेल्याची. द्रोण अंगठा मागतो तो शिष्याला दिलेले वचन राखण्यासाठी. या सगळ्यात कुत्र्याचे काय झाले हे कोणी विचारत नाही. लोकप्रिय आवृत्त्यांत कुत्र्याला इजा झाली नाही अशी पुस्ती जोडली जाते; सांगणाऱ्याला कोठेतरी खटकलेले असते याचीच ती कबुली.

माझ्या मते वनकायद्याची नैतिक बाजू, तिला जेवढी आहे तेवढी, त्या कुत्र्याच्या बाजूने उभी आहे. हे मी एकलव्याला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. अरण्य रिकामे नसते, एवढेच म्हणतो. खारघरच्या डोंगरात मोळी आणणाऱ्या बायका असतात, गुराखी असतात, पांडवकड्याच्या धबधब्याकडे बंदी मोडून जाणारी तरुण मुले असतात. बाणाला आवाज नसतो. आधुनिक धनुष्यातून चुकून तिरपा वर सुटलेला बाण दोनशे मीटरपलीकडे सहज जातो. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशी बेपर्वाई भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली अपराध आहे आणि तो वनात, गावात, स्वतःच्या शेतातही अपराधच आहे. परंपरेचे नाव घेऊन या प्रश्नातून सुटका नाही. परंपरा असलेल्या माणसाला तर ती नकोच असते. माझ्या विद्यार्थ्याने गोणपाट लावले होते ते उभ्या दरडीला टेकवून, मागे काय आहे ते आधी पाहून. हे त्याला कोणत्या अकादमीने शिकवलेले नव्हते. आजोबांनी शिकवले होते.

याच परंपरेला कायद्यात जागा आहे आणि ती एकलव्यवाद्यांनी अजून वाचलेली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१) मधील शेवटच्या काही खंडांपैकी एक असे सांगतो की आधीच्या खंडांत न आलेले, परंपरेने उपभोगलेले इतर हक्कही वननिवासींना मान्य होऊ शकतात. मात्र त्यातून वन्यप्राण्यांची शिकार, त्यांना पकडणे किंवा त्यांचा अवयव काढणे हा पारंपरिक हक्क वगळलेला आहे. हे वगळणे बारकाईने वाचावे. कायदा शिकार वगळतो. धनुष्य वगळत नाही. बाण सोडण्याची कला मुलाला शिकवणे, सणाला नेम धरणे, लक्ष्यावर सराव करणे हा पारंपरिक हक्क म्हणून मांडता येण्यासारखा दावा आहे. तो आपोआप मिळालेला हक्क नव्हे. त्यासाठी ग्रामसभेपुढे दावा जावा लागतो, पुरावा लागतो, समित्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आणि तो वाडीचा हक्क आहे. माथाडी कामगाराच्या मुलाला, मला, किंवा रविवारी गाडीतून येणाऱ्या हौशी मंडळाला तो लागू होत नाही. म्हणजे एकाच गोणपाटावर बाण सोडणाऱ्या तीन मित्रांपैकी एकाचा दावा कायद्यात बसू शकतो, उरलेल्या दोघांचा नाही. "आदिवासींची परंपरा" असे ठोकून देणाऱ्याला ही फोड करायची नसते, कारण फोड केली की भाषण संपते आणि काम सुरू होते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा खल कशाला? विकासाच्या मोठ्या प्रश्नांपुढे तीन मुलांचा तिरकामठा तो काय? मी उलट म्हणतो. आमच्या डोळ्यांदेखत नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी उडवून सपाट केली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. ते बेकायदा झाले असे मी म्हणत नाही. रीतसर प्रस्ताव गेले, रीतसर मंजुऱ्या आल्या, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी रीतसर उद्घाटन झाले. खारघरच्या डोंगराखाली सिडकोने गोल्फचे विस्तीर्ण मैदान केले, तेही रीतसर. मुद्दा असा की परवानगी मागण्याचे शास्त्र ज्यांना अवगत आहे त्यांच्यासाठी डोंगर हलतो, आणि ज्यांना नाही त्यांच्यासाठी डोंगराच्या पायथ्याशी गोणपाटही ठेवता येत नाही. १९८० चा वनसंवर्धन कायदा वनजमिनीचा वनेतर वापर केंद्राच्या मंजुरीशिवाय होऊ देत नाही, म्हणून तेथे कायमचे नेमबाजी-केंद्र बांधता येणार नाही, हे मला मान्य आहे. वनहक्क कायद्याने गावाच्या सोयीसाठी वनजमीन देण्याची जी तेरा कामांची यादी केली तिच्यात शाळा आहे, दवाखाना आहे, समाजमंदिर आहे, क्रीडांगण नाही. तेही मान्य. पण मग मुलांनी जायचे कोठे, याचे उत्तर कोणत्या कायद्यात आहे?

येथे अर्जुनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्याच आदिपर्वाच्या शेवटी खांडववनाचे दहन आहे. गांडीव धनुष्य अर्जुनाला मिळते तेच मुळी त्या कामासाठी. वन पेटते, बाहेर पडू पाहणाऱ्या जिवांना बाणांनी परत आत लोटले जाते, आणि नंतर इंद्रप्रस्थाला मयसभा मिळते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या प्रसंगाकडे ज्या निर्भय नजरेने पाहिले ती नजर आपण पुढे फारशी चालवली नाही. १९६१ पासून देशातल्या उत्तम खेळाडूंना अर्जुनाच्या नावाने पुरस्कार दिला जातो, १९८५ पासून उत्तम प्रशिक्षकांना द्रोणाचार्यांच्या नावाने. आदिवासी मुलांच्या निवासी शाळांना एकलव्याचे नाव दिले आहे. या वाटणीत कोणाला काही खटकत नाही. वन जाळणाऱ्याच्या नावाचे पदक, अंगठा मागणाऱ्याच्या नावाचे पदक, आणि अंगठा देणाऱ्याच्या नावाची आश्रमशाळा.

निव्वळ रोष दाखवून थांबणे मला पटत नाही, म्हणून काय व्हावे ते सांगतो. अभयारण्यात आणि खारफुटीत धनुष्य नको. ती जागा पाखरांची आहे. उरलेल्या वनजमिनीसाठी अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता लेखी नियम असावा : ठरवून दिलेली जागा, मागे नैसर्गिक दरड, झाडाला हात नाही, शिकारीचे रुंद पाते नाही, ठरलेली वेळ, बरोबर एक जबाबदार प्रौढ, आणि पैसे घेऊन चालवलेले उद्योग पूर्ण वर्ज्य. वनहद्दीवर मराठीत पाटी असावी, वन कोणत्या प्रकारचे आणि मनाई कशाची हे सांगणारी. वाड्यांचे पारंपरिक हक्काचे दावे शिकार वगळून नोंदवून घ्यावेत. आणि मुख्य म्हणजे, शहरी मुलांना वनात जावेच लागू नये. ऑलिंपिकमधले अंतर ७० मीटर आहे. त्यामागे मातीचा बांध आणि जाळी धरली तरी एका फुटबॉलच्या मैदानाहून फार मोठी जागा लागत नाही. सिडकोने ही वसाहत कागदावर आखून वसवली आहे, आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेलला महानगरपालिकाही आहे. कळंबोलीत सामान्य घरातल्या मुलाला रोज वापरता येईल असे नेमबाजीचे मैदान मी शोधले. मला ते सापडले नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की सरावाच्या आडून शिकार होईल. होऊ शकते. कुऱ्हाडीच्या आडून चोरटी तोड होते, म्हणून मोळीवाल्या बाईची कुऱ्हाड आपण शस्त्र ठरवतो का? शिकारीला वेळ, जागा आणि बाणाचे टोक वेगळे लागते. ज्याला वन माहीत आहे त्या वनरक्षकाला हा फरक लांबूनही कळतो. नोंदलेल्या जागी, नोंदलेल्या वेळी, नोंदलेल्या नावाचा मुलगा हा तर त्याचा साक्षीदार होईल. रानात कोण येते, कोण जाते हे वाडीतल्या मुलांइतके कोणाला ठाऊक असते?

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला पंधरा दिवसांनी दिले. म्हटले, तिरकामठा चुकला नाही. जागा चुकली की नाही ते सांगायला जागेचे नाव लागते आणि ते नाव तुला कोणी सांगितलेले नाही, म्हणून आधी ते विचारू. आम्ही अर्ज लिहायला बसलो. त्यात दोन मागण्या होत्या : ती जमीन कोणत्या प्रकारच्या वनात मोडते ते कळवावे, आणि नेलेल्या वस्तू कोणत्या कलमाखाली नेल्या ते लेखी द्यावे अथवा त्या परत कराव्यात. कच्चा मसुदा त्याने केला होता. त्यात "आम्ही बाण मारत होतो" असे वाक्य होते. मी पेन्सिलीने 'मारत'खाली रेघ ओढली. त्याने थोडा विचार केला, शब्द खोडला आणि वर लिहिले, "सोडत".

अर्जाच्या दोन प्रती काढल्या. एक कार्यालयात दिली. दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. तिरकामठा अजून आलेला नाही. पोच आली आहे.